गाठ आधी की जखम आधी

त्या साली आमच्याकडे चौदा शेळ्या होत्या आणि त्यांना चरायला जागा उरली नव्हती. चाकण सोडून तळेगावच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला आमचं घर. घरामागच्या माळावर वर्षभरात एका कंपनीची भिंत उभी राहिली होती आणि फाटकावर शिट्टीवाला वॉचमन बसला होता. अम्मीने त्याच्याशी दोन-तीनदा भांडून पाहिलं, मग नाद सोडला. शेळ्या दिवसभर पत्र्याच्या गोठ्यात एकमेकींना घासून उभ्या राहायच्या आणि अम्मी त्यांच्यासाठी डोक्यावरून पाला आणायची. कधी सुबाभूळ, कधी बाभळीच्या काटेरी फांद्या, बाजाराच्या दिवशी कांद्याची पात. पहाटे आधी शेळ्या ओरडायच्या, मग शिफ्टचा भोंगा व्हायचा, मग शेजारच्या वर्कशॉपातला प्रेस सुरू व्हायचा तो संध्याकाळपर्यंत धपधपत राहायचा. या सगळ्यात अम्मीच्या भाकरी थापण्याचा आवाज वेगळा ऐकू यायचा. तिचा हात जड होता. परातीत भाकरी फिरायची तेव्हा घरातल्या भांड्यांना कंप सुटायचा.

घरात आम्ही तिघंच. अब्बा टेम्पो दुरुस्तीच्या गॅरेजात मिस्त्री होते. त्यांच्याशी मी दखनी बोलायची आणि अम्मीशी मराठी, कारण अम्मी मावळातल्या खेड्यातली. तिच्या माहेरी सगळा गाव जसा बोलायचा तशीच ती बोलायची. मी आकुर्डीला लॅब टेक्निशियनचा कोर्स करत होते. दोन गाड्या बदलून जायचं, दोन बदलून यायचं. माझा पांढरा कोट वाळत पडला की रस्त्यावरून दिसायचा, आणि अम्मी तो मुद्दाम रस्त्याच्या बाजूच्या दोरीवर टाकायची. आळीतल्या बायका मला ‘डाक्टरीन’ म्हणायच्या. कुणाचा रक्ताचा रिपोर्ट आला की माझ्याकडे यायचा, आणि मी तो वाचून काहीतरी सांगायची. पहिलं वर्षही पुरं झालं नव्हतं. आता मागे वळून पाहते तेव्हा वाटतं, ‘माहीत नाही’ हे दोन शब्द मी त्या वर्षात एकदाही उच्चारले नसतील.

उन्हाळा सरताना गोठ्यात मावा आला. शेळ्या पाळणाऱ्यांना तो नवा नाही. करडांच्या ओठांवर आधी पुरळ उठतं, मग त्याच्या जाड, काळपट खपल्या होतात. तोंड दुखतं, त्यामुळे करडू आचळाला तोंड लावत नाही आणि उपाशी राहून वाळत जातं. काटेरी पाला, दाटीवाटी, असलं काही असलं की तो पसरतो. आमची पाच करडं एकदम आजारी पडली. अम्मी सकाळ-संध्याकाळ एकेकाला मांडीवर घ्यायची, हळद-तेलात बोट बुडवून खपल्यांवर चोळायची आणि बाटलीने दूध पाजायची. एका करडाची आई विताना गेली होती. त्याला बाटली कळायची नाही, म्हणून अम्मी आधी बोट त्याच्या तोंडात द्यायची. ते चोखायला लागलं की हळूच बाटलीचं रबरी बोंड सरकवायची. तिच्या बोटांना काट्यांचे बारीक ओरखडे नेहमीच असायचे.

आठवड्याभराने तिच्या उजव्या हाताच्या अंगठ्याजवळच्या बोटावर, मधल्या पेराला, लालसर फोड आला. दुखत फारसा नव्हता. शेजारच्या काकू म्हणाल्या नखुरडं असेल, लिंबात बोट घालून ठेव. अम्मी दोन दिवस बोटावर लिंबू चढवून भाकरी थापत होती. फोड काही बसला नाही. तो बोराएवढा झाला, कडेने लाल आणि मधे पांढरट, फुगलेला, आत पू भरल्यासारखा दिसणारा. मी रोज तो उजेडात धरून पाहायची आणि रोज तेच सांगायची, की यात पू आहे, तो काढला पाहिजे. अम्मी म्हणायची, पिकंल तवा फुटंल. मी म्हणायची, फुटायची वाट बघत बसलं की आत पसरतो. हे मी कुठेतरी वाचलं होतं, किंवा कुणी वर्गात म्हणालं होतं. एका रविवारी दुपारी अब्बा गॅरेजात होते. मी प्रॅक्टिकलच्या डब्यातून आणलेलं ब्लेड स्पिरिटच्या कापसाने पुसलं, अम्मीचा हात पाटावर ठेवला आणि तिला दुसरीकडे बघायला सांगितलं.

पू निघाला नाही. रक्त आलं, बरंच आलं, आणि त्याबरोबर थोडं पाण्यासारखं काहीतरी. आत पिवळं काही नव्हतंच. कापलेल्या कडा पांढरट आणि घट्ट होत्या, कच्च्या फळाच्या गरासारख्या. मी दोन्ही बाजूंनी दाबलं. अम्मीने ओठ घट्ट मिटले, पण हात काढून घेतला नाही. मी पुन्हा दाबलं. मग मला भीती वाटली आणि मी पट्टी बांधली. अम्मीने विचारलं, निघालं का सगळं? मी हो म्हटलं.

संध्याकाळी ती त्याच हाताने गोठा झाडायला गेली. तिला थांबवायचं मला सुचलं नाही, हेही लिहून ठेवते.

तिसऱ्या दिवशी बोट काकडीएवढं सुजलं. जखमेवर काळी खपली धरली, भोवतीची कातडी चकाकू लागली आणि मनगटाच्या दिशेने लाली चढायला लागली. काखेत अवधाण आलं, लिंबाएवढा गोळा, त्यामुळे हात खाली सोडवेना. अंगात ताप. भाकऱ्या मी करायला लागले. त्या कडेला फाटायच्या, मधे कच्च्या राहायच्या, आणि अब्बा त्या डाळीत बुडवून खायचे. त्यांनी अम्मीला विचारलं, कशानं झालं? मी तव्यासमोर होते, पाठ त्यांच्याकडे. अम्मी लगेच म्हणाली, विळीवर कापलं. इतक्या सहज म्हणाली की क्षणभर मलाच वाटलं तसंच झालं असेल. मी वळले नाही.

अब्बा दुसऱ्या दिवशी आम्हा दोघींना एका सर्जनच्या दवाखान्यात घेऊन गेले. ते कुठले, कोण, हे लिहायची गरज नाही. माणूस वाईट नव्हता, त्यांना जे सांगितलं गेलं त्यावरून त्यांनी बरोबरच विचार केला. बाईचं बोट विळीवर कापलं, जखमेत घाण गेली, बोट काळं पडतंय, लाली वर चढते आहे. ते म्हणाले, उद्या सकाळी भूल देऊन बोट उघडतो. आत हाडापर्यंत गेलं असेल तर वरची दोन पेरं काढावी लागतील, तशी तयारी ठेवा. त्याआधी हाताचा एक्स-रे आणि साखरेची तपासणी करून आणा. अब्बांनी विचारलं, उजवा हात आहे, दुसरं काही? ते म्हणाले, हात वाचवायचा असेल तर बोटाचा विचार करू नका. अब्बा बाहेर येऊन चपला घालताना भिंतीला धरून उभे राहिले. अम्मी मात्र मला म्हणाली, करडांना पाजायचं ऱ्हायलंय. आणि मी, जी प्रत्येक गोष्टीवर बोलायची, तिला तिथे एक वाक्य बोलता आलं नाही, की कापलं ते मी. ते बोलले असते तर दोरीवरच्या त्या कोटाचं, आकुर्डीच्या कॉलेजाचं काय झालं असतं, हे मी आधी मोजत होते. आईचं बोट एका बाजूला आणि हे दुसऱ्या बाजूला. मी एकोणीस वर्षांची होते, एवढंच माझ्या बाजूने सांगता येईल, आणि ते फारसं काही नाही.

एक्स-रे काढायला आम्ही दोघी लगेच पिंपरीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात गेलो. अब्बा गॅरेजातून सुट्टी मागायला गेले. केसपेपरच्या खिडकीत एक जाड चष्म्याच्या बाई होत्या. त्यांनी तक्रार काय म्हणून विचारलं. अम्मीने पट्टी सोडून बोटच खिडकीतून आत दाखवलं. त्यांनी ते पाहिलं आणि पेपरवर ‘त्वचारोग’ असं लिहिलं. मी म्हटलं, आम्हाला फक्त एक्स-रे हवाय, सर्जननी सांगितलाय. त्या म्हणाल्या, आधी तिकडे दाखवा, मग हवा तो एक्स-रे काढा, आणि पुढच्या माणसाचा कागद ओढला. त्यांचं नाव मला कधीच कळलं नाही.

त्वचारोगाच्या खोलीत डॉक्टर गायकवाड म्हणून बाई होत्या. तिशीच्या असतील. पुढे त्यांची माझी चांगली ओळख झाली तेव्हा समजलं की त्यांचे वडील आकुर्डीच्या कारखान्यात तीस वर्षं पाळीने काम करत होते आणि घरातल्या त्या पहिल्याच डॉक्टर. त्या दिवशी मला दिसलं ते एवढंच की त्या घाई करत नव्हत्या. बाहेर बाकावर माणसं खोळंबली होती, तरी त्यांनी अम्मीचा हात खिडकीजवळ नेला आणि भिंग लावून बराच वेळ पाहिला. मग विचारलं, कशाने झालं. अम्मी म्हणाली, विळीवर कापलं. किती दिवस झाले? चार-पाच. डॉक्टरबाई पुन्हा वाकल्या. जखमेची सरळ रेघ त्यांनी काडीने दाखवली, मग तिच्याखालचा घट्ट, वर आलेला भाग. त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, हे चार दिवसांचं दिसत नाही.

त्यांनी खुर्ची ओढली आणि अम्मीच्या समोर बसल्या.

“मावशी, मला एकच गोष्ट नीट सांगा. आधी कापलं आणि मग ही गाठ आली, तर तुमचे सर्जन बरोबर आहेत, आजच्या आज जा. पण गाठ आधी होती आणि कापलं नंतर, तर हे वेगळंच काहीतरी आहे, आणि मग पुन्हा सुरी लावणं चुकीचं ठरेल. गाठ आधी की जखम आधी?”

अम्मी माझ्याकडे बघत नव्हती. ती म्हणाली, “जखम आधी.”

खोलीत पंखा फिरत होता. दाराबाहेर कुणाचं तरी मूल रडत होतं आणि त्याची आई त्याला बिस्किटाचा पुडा दाखवत होती. डॉक्टरबाईंनी पेन उचललं आणि कागदावर लिहायला सुरुवात केली. ते पेन चालू लागलेलं मी पाहिलं.

“गाठ आधी,” मी म्हटलं.

अम्मीने डाव्या हाताने माझा दंड धरला. जोरात धरला. डॉक्टरबाईंनी लिहायचं थांबवलं आणि आता त्या माझ्याकडे बघून विचारू लागल्या. गाठ कधीपासून? दहा-बारा दिवस. कशी होती? मी सांगितलं, लाल कड, मधे पांढरट. कापल्यावर पू निघाला? नाही. काय निघालं? रक्त आणि पाणी, आतलं सगळं घट्ट होतं. हे सगळं मी पाठ केल्यासारखं भराभर सांगत होते.

“कापलं कुणी?”

“मी.”

त्यांनी मला रागावायला हवं होतं. मी त्यासाठी तयार होते. त्या फक्त मान हलवून अम्मीकडे वळल्या आणि विचारलं, घरी जनावरं आहेत का? अम्मी अजून माझा दंड धरून होती. शेळ्या हायेत, ती म्हणाली. करडांच्या तोंडाला काही आलंय? आणि तेव्हा अम्मी पहिल्यांदा गोंधळली, कारण शेळ्यांबद्दल आजवर कुठल्या डॉक्टरने तिला विचारलं नव्हतं. व्हय, मावा आलाय की. रोज मीच चोळते. डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं.

शेळ्यांच्या माव्याचा विषाणू माणसाच्या हातावर येतो, ओरखड्यातून शिरतो, गाठ उठवतो आणि पाच-सहा आठवड्यांनी आपोआप जातो. त्याला औषध नाही आणि त्याची गरजही नाही. त्यात पू नसतोच. हे सगळं त्यांनी आम्हाला खेड्यातल्या बाईला कळेल अशा शब्दांत सांगितलं. हाताची सूज आणि ताप हे त्या विषाणूचं नव्हतं. ते माझ्या ब्लेडने उघडलेल्या वाटेने आत गेलेल्या घाणीचं होतं, आणि त्याला मात्र औषध होतं. त्यांनी इंजेक्शनं लिहून दिली, एक्स-रेही काढवून घेतला. हाड चांगलं होतं. मग निळ्या पेनने अम्मीच्या मनगटावर, लाली जिथे संपत होती तिथे, गोल रेघ ओढली. लाली या रेघेच्या पुढे गेली तर कुठलाही विचार न करता इथे या, त्या म्हणाल्या, मग बोट उघडावंच लागेल. मागे आली तर वाट बघू. त्यांनी डिजिटल कॅमेरा काढला, बोटाशेजारी छोटी पट्टी ठेवून फोटो घेतले आणि खपलीचा कण एका नळीत बंद करून वर चिठ्ठी लावली.

निघताना त्यांनी माझ्या हातात कोरा कागद दिला. पहिल्या दिवसापासून जे जे झालं ते क्रमाने लिहून दे, म्हणाल्या, तुझ्याइतकं हे कुणी पाहिलेलं नाही. मी बाहेर बाकावर बसून लिहिलं. कापल्याच्या दिवसापाशी आल्यावर मी लिहिलं, ‘घरी गाठीवर छेद देण्यात आला.’ त्यांनी कागद वाचला आणि तो मला परत दिला. कुणी दिला ते लिही, म्हणाल्या. कशाने दिला, कशाने पुसलं, नंतर हात कशात गेला, तेही. पुढे कुणी वाचेल तर त्याला कळायला नको का? मी लिहिलं, ‘पू आहे असे समजून मी ब्लेडने कापले.’ अक्षर वाकडं आलं होतं. आज माझ्या हाताखाली शिकणाऱ्या मुली नमुन्याच्या नोंदीत ‘करण्यात आले’ असं लिहितात तेव्हा मी कागद तसाच परत देते. का, ते त्यांना सांगत नाही.

घरी आल्यावर खरी परीक्षा झाली. अब्बांना सगळं सांगावं लागलं. अम्मीच सांगायला लागली, आणि पुन्हा विळीपासून सुरू केलं, म्हणून मी तिला अडवून माझ्या तोंडाने सांगितलं. अब्बा बराच वेळ अम्मीच्या मनगटावरची निळी रेघ बघत राहिले. ब्लेडबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. त्यांचं दुखणं वेगळं होतं. एक डॉक्टर म्हणतो उद्या सकाळी कापा नाहीतर हात जाईल, एक म्हणते हात लावू नका. ते यंत्रावरचे कारागीर. दोन मिस्त्री दोन बिघाड सांगतात तेव्हा एकजण चुकलेला असतो हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी मला विचारलं, “तुला काय वाटतं?”

तीन दिवसांपूर्वी मी ताबडतोब उत्तर दिलं असतं. मी म्हटलं, “मला माहीत नाही, अब्बा. पण सर्जनना विळीचं सांगितलं होतं आणि यांना खरं सांगितलंय.”

अब्बा उठले, नाक्यावरच्या फोनवर गेले आणि सर्जनच्या कंपाउंडरला खरं काय ते सांगून सकाळची वेळ रद्द करून आले.

पुढचे दोन दिवस आमच्या घरात त्या रेघेशिवाय दुसरं काही नव्हतं. मी कॉलेजला गेले नाही. तासातासाला अम्मीचं मनगट उजेडात धरायचं, वहीत वेळ आणि ताप लिहायचा. पहिल्या संध्याकाळी लाली रेघेवर चढल्यासारखी दिसली. रेघेवरच आहे की पलीकडे गेली यावर मी आणि अब्बा दोघं हुज्जत घालत होतो आणि अम्मी मधे बसून डाव्या हाताने करडाची बाटली धरायला बघत होती. मी तिच्या हातातून बाटली घेतली, दवाखान्यातून मिळालेले रबरी हातमोजे चढवले आणि करडू मांडीवर घेतलं. मोज्याचं बोट ते तोंडात घेईना. तोंड फिरवून ओरडत राहिलं, आणि मला रडू आलं ते तेव्हाच. दुसऱ्या दिवशीही लाली तिथेच होती, पुढे नाही, मागे नाही. अब्बा कामावर गेले नाहीत. शेजारच्या काकूंनी कालवण पाठवलं ते तसंच झाकलेलं राहिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी अम्मीचा हात धरला तर निळी रेघ आणि लाली यांच्यामध्ये कातडीचा एक बारीक पट्टा मोकळा दिसत होता, तांदळाच्या दाण्याएवढा रुंद. मी तो अब्बांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून पाहिलं, मग चष्मा काढून पाहिलं, आणि न्हाणीत जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिले.

ताप उतरला, अवधाण बसलं. गाठ मात्र डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं तशीच आपल्या चालीने गेली. दर आठवड्याला आम्ही पिंपरीला जायचो आणि दर आठवड्याला पट्टी शेजारी ठेवून फोटो निघायचा. नळीतल्या खपलीचं उत्तर महिन्याने आलं, मावाच होता. तालुक्याच्या दवाखान्यातले जनावरांचे डॉक्टर येऊन गोठा पाहून गेले, आजारी करडं वेगळी बांधायला लावली. आईविना राहिलेलं करडू वाचलं नाही. बाकीची चार वाचली. सहाव्या आठवड्यात अम्मीच्या बोटावरची खपली गळून पडली आणि खाली नवी, गुलाबी कातडी होती.

त्या शेवटच्या भेटीत डॉक्टर गायकवाडांनी सगळे फोटो आणि माझे कागद एका फाइलमध्ये लावले होते. त्या म्हणाल्या, असे रुग्ण येतात पण ओळखले जात नाहीत, उगाच कापले जातात. हे नीट लिहून इतर डॉक्टरांना दाखवायचं आहे, तुमची परवानगी हवी. अम्मीला अंगठा नको, सहीच करायची होती. तिने वाकून, सावकाश, त्या बोटाने पेन धरून सही केली. मग तिने फाइलमधल्या माझ्या अक्षराकडे बोट दाखवलं.

“ह्यात हिनं कापलं असं हाय का?”

डॉक्टरबाई म्हणाल्या, आहे, पण नाव कुणाचंच जाणार नाही.

अम्मीचं समाधान झालं नाही. ती खुर्चीत पुढे सरकली. “पोरगी शिकतीया. उद्या कुनी वाचलं म्हंजी? तिथं आईनंच कापून घेतलं असं लिवा. माजं बोट हाय, मी कायबी करंन.”

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. फाइल उघडीच होती, पेन टेबलावर होतं.

“राहू दे, अम्मी,” मी म्हटलं. “तसंच राहू दे.”

ती पदर सावरून उठली आणि डॉक्टरबाईंना विचारू लागली, की चाकणला जाणारी गाडी आता कुठून मिळंल.